‘रडूच येत नाही, ताई’

गेल्या महिन्याच्या सदरात शेवटी मी सहज विचारलं होतं, की दिवसभर दुसऱ्यांची दुखणी उचलणाऱ्यांनी स्वतःचं कुणाला सांगायचं? उत्तरादाखल पत्रांचा गठ्ठा आला. बरीचशी रात्रपाळीत लिहिलेली, एक तर चक्क जुन्या केसपेपरच्या पाठीवर. त्यातली तीन इथे घेतली आहेत. ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत.

प्रश्न : ताई, मी ३९ वर्षांची स्टाफ नर्स. महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात सतरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा लहान मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डात. बदलापूरहून येते. मागच्या महिन्यात धाकटी शाळेतून गुडघा खरचटून आली आणि रडायला लागली. मी तिच्यावर ओरडले, ‘एवढ्याशाला काय भोकाड पसरतेस? आमच्या वॉर्डातली पोरं बघ एकदा!’ ती गप्प झाली. आता काही लागलं की बाबांकडे जाते. त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डातला एक मुलगा गेला. आठ महिने होता, मला ‘सिस्टरमावशी’ म्हणायचा. त्याची आई ऊर बडवत होती आणि मी मनात हिशोब करत होते, की बॉडी दोनच्या आत खाली गेली तर दुपारची बदलापूर फास्ट मिळेल. पहिल्या वर्षी मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आता रडूच येत नाही, ताई. इंट्राकॅथ (शिरेतली नळी) काढते, पेपर्स भरते, चादर बदलते, पुढचं ॲडमिशन घेते. ऑफच्या दिवशी नुसती पडून असते. परवा केमोचा डोस भरताना हात थरथरला. वॉर्डात दोन सिस्टर आणि चाळीसच्या वर मुलं. मैत्रीण म्हणते बदली घे. सासूबाई म्हणतात, तू दगड झालीस. झाले का?

उत्तर : सिस्टर, आधी मुलीचं. आज घरी गेलात की तिला जवळ घ्या आणि एवढंच म्हणा, ‘त्या दिवशी तुला खरंच लागलं होतं आणि मी उगाच ओरडले.’ वॉर्डाचं कारण देऊ नका. आपल्या गुडघ्याची दुसऱ्या मुलाच्या मरणाशी तुलना तिला कळणार नाही, कळूही नये. गुडघा बरा झाला असला तरी वर एक पट्टी लावून द्या. मुलांना चालतं ते.

आता बदलापूर फास्टचा हिशोब. तो वाचून मला माझा चेक आठवला. मी परळच्या एका रुग्णालयात ३१ वर्षं वैद्यकीय समाजसेविका होते. पुअर बॉक्समधून, म्हणजे गरीब पेशंटसाठीच्या निधीतून, किती मिळतील, कुठल्या ट्रस्टचा फॉर्म कुणाच्या सहीने जाईल, पेशंटबरोबरच्या चार माणसांना दादरच्या गाडगेबाबा धर्मशाळेत जागा आहे का, हे माझं काम. नोकरीच्या नवव्या वर्षी बीडकडच्या एका शेतकऱ्यासाठी मी सहा ट्रस्टांचे उंबरे झिजवले. चेक आला त्याच्या आदल्या रात्री तो माणूस गेला होता. चेक हातात घेतल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ‘आता हा परत करायचं पत्र टाइप करावं लागणार.’ त्याची बायको समोरच्या बाकावर बसली होती. मी तिला म्हटलं, ‘इथे सही करा.’ ‘बसा’सुद्धा म्हटलं नाही.

हे आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, दारातून पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. त्या म्हणाल्या, ‘चार वाजता चहाला ये.’ रेकॉर्ड रूमच्या मागे एक खोली होती, फायलींच्या वासाची. तिथे चौघीजणी आधीच बसलेल्या. कॅन्टीनची कटिंग. बाईंनी एकीकडे वळून विचारलं, ‘आज तुझा कोण?’ तिने एका पेशंटचं नाव सांगितलं आणि तीन-चार मिनिटं बोलली. कुणी सल्ला दिला नाही, कुणी ‘अगं माझ्याकडे तर याहून वाईट’ म्हटलं नाही. मग पुढचीला, ‘आज तुझा कोण?’ माझी पाळी आली तेव्हा मी बीडच्या त्या माणसाचं नाव घेतलं आणि तिथेच मला रडू फुटलं. कपातला चहा गार झाला. बाईंनी दुसरा मागवला, बस्स. हा चहा बाई निवृत्त होईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, आठवड्यातून दोनदा चालला. त्यांच्यानंतर मी चालवला. कधी लोक कमी, कधी खोली काढून घेतलेली, तेव्हा जिन्यात बसून.

तुमच्या अवस्थेला नाव आहे, आणि ते ‘दगड’ नव्हे. मेट्रनबाईंशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून सांगते. कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांबद्दल लिहिताना ‘कम्पॅशन फटीग’ हा शब्द वापरला. पुढे चार्ल्स फिगली या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक काढलं. आपण करुणेचा थकवा म्हणू. दुसऱ्याच्या यातना रोज जवळून पाहून, त्यात जीव घालून, आतली दाद देण्याची जागाच बधिर होते. ‘बर्नआउट’ याच्या शेजारचा, पण वेगळा. तो शब्द हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडला. ते मोफत दवाखान्यात काम करायचे आणि तिथल्या स्वयंसेवकांबरोबर स्वतःही जळून कोळसा होत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात तीन खुणा आहेत : शक्ती संपणं, कामाविषयी मन तुटणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी साचलेल्या, वेळेवर न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. ‘कामाच्या ठिकाणी’ हे शब्द मेट्रनबाईंपुढे जरा ठासून म्हणा. तुमच्यात मला दोन्ही दिसतात. मुलाच्या आईपुढे कोरडं पडणं हा एक, आणि दोन सिस्टरवर चाळीस मुलं हा दुसरा. पहिल्याला चहा लागतो. दुसऱ्याला चहा पुरत नाही, माणसं लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. तुमच्याकडे केमो चालते आणि वीस मुलांमागे एक सिस्टर आहे. हे सहन होत नाही हा तुमच्या स्वभावाचा दोष कसा?

(आमच्याकडेही एकदा तणावमुक्ती शिबिर झालं होतं. रविवारी, साप्ताहिक सुट्टीला, हजेरी सक्तीची. व्याख्याते दीड तास उशिरा आले आणि म्हणाले, ‘हसा, म्हणजे ताण जातो.’ मागच्या रांगेतल्या आयामावशी नाईट करून थेट तिथे आल्या होत्या. त्या खरंच हसल्या, पण वेगळ्या कारणाने.)

लोक तुम्हाला सांगतील, ‘फार जीव लावू नका, अंतर ठेवा.’ मी तेही करून पाहिलं. अंतर ठेवायला लागले की मी फॉर्मच्या पलीकडे बघेनाशी झाले आणि घरी आल्यावर जास्तच थकायचे. याचं कारण मला पुष्कळ उशिरा, जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका संशोधनाबद्दल वाचताना कळलं. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी लोकांना दुःखात असलेल्या माणसांची चित्रफीत दाखवली. आधी त्यांना समोरच्याचं दुःख आपल्याच अंगावर घ्यायला शिकवलं. त्यांची स्वतःची अस्वस्थता वाढली. मग त्याच लोकांना समोरच्याचं भलं व्हावं अशी माया मनात आणायला शिकवली. दुःख तेच, चित्रफीत तशीच, पण मन पुन्हा सावरलं. मराठीत आपण सगळ्यालाच कळवळा म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. मुलाच्या आईच्या जागी स्वतःला उभं केलंत की तुमचीच मुलगी खाटेवर दिसणार, आणि मग मन दार लावून घेणार. तिच्या जागी उभं राहू नका, शेजारी उभं राहा. पाणी द्या, पाठीवर हात ठेवा, मनात म्हणा, ‘हिला आजची रात्र निभावता येऊ दे.’ एक मिनिट लागतं. गाडी चुकत नाही.

तुमच्या वॉर्डात मूल गेलं की पुढचं ॲडमिशन येतं, मधे काहीच नाही. ती जागा थोडी उघडा. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवताना, औषधं, सलाईन, रिपोर्ट सांगून झाले की त्या दिवशी गेलेल्या मुलाचं नाव आणि त्याची एक गोष्ट सांगा. ‘हा मला सिस्टरमावशी म्हणायचा.’ दोन वाक्यं. सोबतच्या सिस्टरला आधी विचित्र वाटेल, तिसऱ्यांदा तीच सुरुवात करेल. युनिफॉर्म उतरवल्यावर शेवटचे हात धुताना घाई करू नका. इन्फेक्शनसाठी दिवसभर धुता, हे धुणं घरी जाण्यासाठीचं.

आणि हे एकटीने नको. आमच्याच परळात, केईएम रुग्णालयात, तिथल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. जवळजवळ बेचाळीस वर्षं, अंगाला बेडसोर होऊ न देता. लोक त्याला त्याग म्हणतात. मला त्यातली पाळी दिसते. भरती झालेल्या नव्या मुली जुन्यांकडून शिकत गेल्या, निवृत्त होणारी पुढचीच्या हातात देऊन गेली. एकाच बाईवर ते टाकलं असतं तर दोन वर्षांत दोघी संपल्या असत्या.

तेव्हा बदली घ्याच. सहा वर्षं त्या वॉर्डात फार झाली. लेखी अर्ज करा, सहा महिने किंवा वर्षभर दुसऱ्या विभागात, परत यायच्या बोलीवर. अर्जात डोसच्या वेळी हात थरथरल्याचं लिहा, लपवू नका. तोपर्यंत प्रत्येक केमोचा डोस दुसरीला मोठ्याने वाचून दाखवूनच द्या. आणखी एक, फार साधं : हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. एकोणचाळिसाव्या वर्षी, बदलापूरची गाडी, नाइटा, दुपारचा डबा चार वाजता. ऑफला पडून राहण्याचं निम्मं कारण रक्तात सापडलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. मी दोन वर्षं मन थकलंय म्हणत होते, आणि हिमोग्लोबिन निघालं साडेसात.

झोप उडाली, किंवा जगणंच नको असं मनात आलं, तर मात्र चहावर थांबायचं नाही. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारची सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत ओळखीचे दिसतील म्हणून लाज वाटत असेल तर दुसऱ्या रुग्णालयात जा. मी तसंच केलं होतं.

प्रश्न : मी २६ वर्षांची, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून गोवंडी-मानखुर्द भागात एका संस्थेत मारहाण झालेल्या बायकांसाठी काम करते. त्यांनी सांगितलेलं रात्री जसंच्या तसं स्वप्नात दिसतं. रिक्षात बसले की ड्रायव्हरचे हात बघत राहते. ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय त्याने खांद्यावर हात ठेवला तरी दचकते. फोन रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो, रात्री एकलाही व्हॉट्सॲप येतं. सरांना सांगितलं तर म्हणाले, ‘या क्षेत्रात यायचं तर कातडी जाड हवी.’ मी चुकीच्या क्षेत्रात आले का?

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

वरच्या सिस्टरचं बधिर झालंय, तुझं उलट : सगळंच लागतंय. ऐकलेल्या गोष्टी अंगावर घडल्यासारख्या वागायला लागल्यात. याला दुय्यम आघात म्हणतात. बर्नआउट वर्षानुवर्षं साचतो. हा एखाद्या ऐकलेल्या प्रसंगानेही येऊ शकतो आणि नव्या, मन लावून ऐकणाऱ्या मुलींना पटकन गाठतो. कातडीचा काही संबंध नाही. सरांचं बोलणं मी मनावर घेणार नाही. बहुधा त्यांच्या तरुणपणी त्यांनाही कुणी हेच सांगितलं असेल.

फोनचं आज करून टाक. कामासाठी वेगळं सिम, संस्थेच्या पैशाने, आणि संध्याकाळी सातनंतर ते ज्याची पाळी असेल त्याच्याकडे. तू कळवळ्याने फोन चालू ठेवतेस हे मला कळतं. पण रात्री एक वाजता नवरा दार फोडत असेल तर तुझ्या डोंबिवलीच्या किंवा पनवेलच्या घरातून तू काय करणार? त्या बाईला ११२ आणि १८१ हे नंबर पाठ हवेत, पोलीस आणि महिला हेल्पलाइन. पहिल्याच भेटीत तिच्याकडून तीनदा म्हणवून घे. बॅग कुठे ठेवायची, शेजारची कोण दार उघडेल, मुलांची कागदपत्रं कुणाकडे, हे दिवसाच ठरवून ठेव. तुझ्या रात्रीच्या उत्तरापेक्षा या तयारीवर तिचा जीव जास्त अवलंबून आहे.

ऐकण्याचंही एक मोजमाप असतं. मदत करायला जेवढं कळायला हवं तेवढं विचार. अर्जाला, वैद्यकीय तपासणीला न लागणारा तपशील ती स्वतःहून सांगत असेल तर ऐक, खोदू नकोस. आणि ऑफिसात परत आल्यावर दारातच ‘अगं ऐक ना, आज एकीचं काय झालं’ असं सगळं ओतायचं, ही आपल्या क्षेत्रातली जुनी खोड. समोरचीही सकाळपासून तीन ऐकून बसलेली असते. आधी विचारायचं : ‘एक जड आहे, आत्ता चालेल का?’ ती ‘नाही’ म्हणू शकते.

तुमच्याकडे दर महिन्याला मीटिंग होत असेल : किती केसेस, किती फॉलोअप, फंडरला रिपोर्ट कधी. त्याला लोक सुपरव्हिजन म्हणतात. नव्हे ते. सुपरव्हिजन म्हणजे तुझ्याहून अनुभवी, शक्यतो तुझी पगारवाढ न ठरवणारी व्यक्ती, ठरलेला तास, आणि विषय तू. वर्षाच्या बजेटमध्ये त्याची ओळ असायला हवी. सर नाही म्हणाले तर तुम्ही चौघी मिळून बाहेरची एखादी समुपदेशक महिन्यातून एकदा गाठा, वर्गणी काढून का होईना. शिवाय स्वप्नं आणि दचकणं याच्यासाठी तुला स्वतःला उपचार लागतील. ते आघातावर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञाकडेच घे. लग्न ठरलेल्या मुलाला कारण सांग, तपशील सांगू नकोस. ‘हे तुझ्यामुळे नाही, हात ठेवायच्या आधी हाक मार’ एवढं पुरे.

क्षेत्र चुकलं का, हे आत्ता ठरवू नकोस. प्रोक्वॉल नावाची तीस प्रश्नांची एक मोफत प्रश्नावली आहे, बेथ स्टॅम यांची, मदतीचं काम करणाऱ्यांसाठी. तिच्यात बर्नआउट आणि दुय्यम आघातासोबत कामातलं समाधानही मोजतात. आत्ता भर, फोन बंद व्हायला लागल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा भर. समाधानाचा आकडा तेव्हाही तळाला असेल तर मला परत लिही, आपण दुसरी कामं बघू. मी ज्या मुलींना नोकरी सोडताना पाहिलं त्यातल्या फार थोड्या या कामाला कंटाळल्या होत्या. बहुतेक जणी त्या फोनला कंटाळल्या होत्या.

प्रश्न : बायको आयसीयूत सिस्टर आहे. घरी आली की तासभर बोलत नाही. ‘आज कसा गेला दिवस?’ विचारलं तर चिडते. पंधरा वर्षांचा संसार आहे. काय विचारू?

उत्तर : तो प्रश्न सोडून द्या. त्याचं खरं उत्तर दिलं तर तुमचं जेवण जाईल आणि खोटं द्यायची तिच्यात ताकद नसते, म्हणून ती चिडते. पहिला अर्धा तास काहीच विचारू नका. विजेचं बिल, मुलाचा अभ्यास, गावाकडचा फोन, सगळं नंतर. तिची आंघोळ होईपर्यंत कुकर लावून ठेवा. मग शेजारी बसा आणि विचारा, ‘ऐकू, की नुसता बसू?’ ‘नुसता बस’ म्हणाली तर खरंच बसा, मोबाइल न बघता. ‘ऐक’ म्हणाली तर उपाय सुचवू नका, आणि ‘नोकरी सोड ना मग’ हे वाक्य तर अजिबात नको. चहा तुम्ही करा. साखर किती ते एकदा विचारून घ्या, पंधरा वर्षांत बदललेली असते.